'येवो' आणि 'आला' : मराठी काव्यपरंपरेतील अभिषिक्त राजाची कल्पना

१

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'ची चर्चा मराठी समीक्षेत बहुधा दोन मुद्द्यांभोवती फिरत राहिली आहे. एका परक्या मिशनऱ्याने मराठी भाषेचा केलेला गौरव हा पहिला मुद्दा, आणि ओवी, पुराण, वैकुंठ आदी एतद्देशीय साधनांच्या आधारे त्याने ख्रिस्तकथेचे केलेले 'भारतीयीकरण' हा दुसरा. हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. परंतु त्यांच्यावर थांबल्यामुळे एक मूलभूत प्रश्न अनुत्तरित राहतो. 'ख्रिस्त' हे विशेषनाम नव्हे, ती पदवी आहे. हिब्रू 'माशिआह' या शब्दाचा तो ग्रीक पर्याय असून त्याचा अर्थ 'अभिषिक्त', म्हणजे तैलाभ्यंग करून राजपदी बसविलेला, असा आहे. तेव्हा ख्रिस्तकथा मराठीत आली याचा अर्थ एक राजकल्पनाही मराठीत आली. या राजकल्पनेचे मराठीत काय झाले, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ज्या परंपरेतून ही कल्पना निघाली त्या ज्यू परंपरेचे वारसदारही मराठी भाषकच होते. कोकणातील बेने इस्राएल समाजाने मराठीत प्रार्थना-भाषांतरे केली, कीर्तने रचली, नियतकालिके चालविली. तरीही वाङ्मयेतिहासात 'ख्रिस्ती मराठी वाङ्मय' या प्रकरणाला जे स्थान मिळते ते या लेखनाला क्वचितच मिळते. त्यामुळे मसीहाविषयीचे ज्यू व ख्रिस्ती मतभेद हा जणू पॅलेस्टाइनमधला, फार तर युरोपातला वाद आहे, अशी समजूत होते. वस्तुतः हा भेद मराठीच्या आत, मराठी काव्यप्रकारांच्या निवडीत उमटलेला आहे. तो सिद्धांताच्या पातळीवर शोधण्यापेक्षा क्रियापदाच्या काळात शोधणे अधिक फलदायी ठरते. एका परंपरेचे क्रियापद 'येवो' आहे, दुसरीचे 'आला'. प्रस्तुत लेखात या दोन क्रियापदांच्या अनुरोधाने मराठीतील अभिषिक्त राजाच्या कल्पनेचा विचार केला आहे.

२

हिब्रू शास्त्रात राजपद ही संशयास्पद गोष्ट आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात इस्राएल लोक इतर राष्ट्रांप्रमाणे आपल्यालाही राजा हवा अशी मागणी करतात, तेव्हा ती मागणी देवाच्याच राजत्वाचा अव्हेर ठरते. राजा एकच, आणि तो देव, ही मूळ भूमिका आहे. पुढे मानवी राजा येतो तो तडजोड म्हणून. आणि दावीदाच्या वंशाला दिलेल्या शाश्वत राजपदाच्या वचनामुळे (२ शमुवेल ७) ती तडजोडच आशेचा आधार बनते. तरीही 'अभिषिक्त' हा मनुष्यच राहतो. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायाच्या आरंभी तर कोरेश या इराणी, परधर्मीय सम्राटाला 'अभिषिक्त' म्हटले आहे. म्हणजे हा शब्द व्यक्तीचे दैवी स्वरूप सांगत नाही, तिच्यावर सोपविलेले कार्य सांगतो.

बाराव्या शतकात मायमोनिडीझ (११३८–१२०४) यांनी आपल्या विधिसंहितेच्या शेवटच्या, 'राजांचे नियम' या भागात या कल्पनेला अतिशय संयत रूप दिले. मसीहा हा दावीदाच्या घराण्यातील राजा असेल. तो राज्य पुनःस्थापित करील, मंदिर बांधील, पांगलेल्यांना एकत्र आणील. त्याने चमत्कार करण्याची आवश्यकता नाही. सृष्टीचा क्रम जसा चालतो तसाच चालत राहील. या संयमामागे कटू अनुभव होता. इ. स. १३२ ते १३५ या काळात रोमविरुद्ध उठाव करणाऱ्या बार कोखबाला रब्बी अकिवांसारख्या थोर आचार्यांनी मसीहा मानले होते, आणि त्या उठावाचा शेवट संहारात झाला. मायमोनिडीझनी त्या प्रसंगाचा दाखला दिला आहे तो उगाच नव्हे. 'आला' म्हणण्याची किंमत त्या समाजाला ठाऊक होती.

ख्रिस्ती परंपरेने नेमके 'आला' हेच म्हटले, आणि म्हणताना राजपदाचा अर्थ आतून बदलला. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत मरियेला जे सांगतो त्यात दावीदाच्या सिंहासनाचे वचन आहे. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र पिलातासमोर उभा असलेला येशू आपले राज्य या जगाचे नाही असे सांगतो. या दोन टोकांच्या मध्ये काट्यांचा मुकुट आणि क्रुसावरची तीन भाषांतील राजपदाची पाटी आहे. उपहासाने दिलेली पदवीच खरी ठरते, असा हा विपर्यास. शिवाय येथे राजा आणि देव यांतील अंतर नाहीसे होते. ज्यू श्रद्धेत देवाने नेमलेला तो मसीहा. ख्रिस्ती श्रद्धेत नेमणारा आणि नेमलेला यांचे ऐक्य. अर्थात ख्रिस्ती परंपराही केवळ भूतकाळात राहत नाही. पुनरागमनाची अपेक्षा आणि राज्य 'येवो' ही दैनंदिन प्रार्थना तिच्यात आहेच. 'आला' आणि 'येवो' यांमधील हा ताण हे तिचे वैशिष्ट्य होय.

आता मराठीकडे वळल्यास पहिली अडचण शब्दाचीच आहे. मराठी बायबलात जुन्या करारात 'अभिषिक्त' आणि नव्या करारात 'ख्रिस्त' असे दोन शब्द रूढ झाले. मूळच्या एकाच कल्पनेचे असे दोन तुकडे झाल्यामुळे ख्रिस्त म्हणजेच अभिषिक्त हे मराठी वाचकाच्या सहजी लक्षात येत नाही. त्यातही 'अभिषेक' या शब्दाला मराठीत दोन दिशा आहेत. ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला तो राज्याभिषेक. आणि महादेवाच्या पिंडीवर रोज होतो तोही अभिषेकच. हिब्रू विधीत देवाच्या आज्ञेने माणसाच्या मस्तकावर तेल ओतले जाते. मराठी माणसाच्या नित्याच्या अनुभवात माणूस देवावर पाणी आणि दूध ओततो. शब्द एकच, ओघाची दिशा मात्र उलटी. 'पंढरीराया', 'खंडेराव' अशा हाकांनी देवाला राजा म्हणणाऱ्या आणि रामाच्या रूपाने राजाला देव मानणाऱ्या या भाषेत 'अभिषिक्त' शब्द उच्चारताच देव व राजा यांच्यातील सीमारेषा पुसट होते. ख्रिस्ती कवीला ही सोय होती. ज्यू कवीला हा धोका होता.

३

स्टीफन्स (१५४९–१६१९) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे काव्य १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे पोर्तुगीज शीर्षक लक्षणीय आहे. जगाचा तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात 'येण्या'विषयीचे प्रवचन, असा त्याचा आशय आहे. शीर्षकाच्या मध्यभागी व्यक्ती नाही, आगमन आहे. ग्रंथाची रचनाही तशीच. छत्तीस अवस्वरांच्या 'पहिल्या पुराणा'त जुन्या कराराची कथा आणि एकोणसाठ अवस्वरांच्या 'दुसऱ्या पुराणा'त ख्रिस्तचरित्र. पहिले पुराण म्हणजे वचन, दुसरे म्हणजे पूर्ती. ज्यू शास्त्राचा ख्रिस्ती अन्वयार्थ स्टीफन्सना वेगळा सांगावा लागत नाही. तो ग्रंथाच्या विभागणीतच बांधला गेला आहे.

परंतु पुराण या प्रकाराचा स्वतःचा असा एक आग्रह असतो. पुराण म्हणजे जुने. ते घडून गेलेल्याचे कथन होय. वक्ता जाणतो, श्रोता विचारतो, कथा उलगडते आणि श्रवणाचे फळ श्रोत्याच्या पदरी पडते. 'क्रिस्तपुराणा'च्या आरंभीही साष्टीतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण पूर्वीच्या पुराणांच्या जागी दुसरे पुराण मागतो, अशीच चौकट आहे. या चौकटीत बसविल्यावर मसीहाच्या कथेतील भविष्यकाळाचे काय होते? पहिल्या पुराणातील प्रतीक्षा ही दुसऱ्या पुराणाची प्रस्तावना बनते. श्रोत्याला शेवट आधीच ठाऊक असतो. दावीद, शलमोन आणि संदेष्टे यांच्या तोंडचे 'येवो' हे काव्याच्या वेळी 'आला' झालेलेच असते; त्यात अनिश्चिततेची धाकधूक उरत नाही.

याहून महत्त्वाचा बदल 'वैकुंठ' या शब्दाने घडविला. स्वर्गासाठी स्टीफन्सनी हा शब्द योजला, आणि समीक्षकांनी त्याचे समन्वयवादी म्हणून कौतुकही पुष्कळ केले. पण शुभवर्तमानातील 'देवाचे राज्य' हे येणारे राज्य आहे. ते माणसांकडे, इतिहासाकडे येते. वैकुंठ येत नाही. तेथे जावे लागते. राज्याच्या जागी वैकुंठ येताच गतीची दिशा बदलते. समाजाच्या इतिहासात घडावयाचा बदल व्यक्तीच्या मरणोत्तर गतीत रूपांतरित होतो आणि राज्याची आशा मोक्षाची आशा बनते. वारकऱ्यांनी पंढरपुराला 'भूवैकुंठ' म्हणून हीच दिशा पुन्हा पृथ्वीकडे वळविली होती, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

हा बदल निव्वळ भाषिक योगायोग मानणे भाबडेपणाचे होईल. १५६० मध्ये गोव्यात धर्मसमीक्षण न्यायालय सुरू झाले होते; १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइटांची हत्या झाली तेव्हा स्टीफन्स गोव्यातच होते. ज्यांची देवळे पाडली गेली त्या साष्टीतील लोकांसमोर, पोर्तुगीज सत्तेच्या छायेत, 'राजा येत आहे' हे वाक्य उच्चारणे सोपे नव्हते. पृथ्वीवरचा राजा तेथे अगोदरच आलेला होता, आणि तो लिस्बन–माद्रिदचा होता. अशा ठिकाणी मसीहाचे राज्य वैकुंठात असणे सर्वांच्याच सोयीचे होते. सत्तेला त्याचे भय नव्हते आणि जित श्रोत्याला त्यात सांत्वन होते. 'क्रिस्तपुराणा'चे काव्यसौंदर्य याने उणे होत नाही. मात्र ज्याला 'भारतीयीकरण' म्हटले जाते त्यात राजकीय आशयाचे निर्जीवीकरणही सामावलेले आहे, हे नोंदविणे आवश्यक आहे.

पंडिता रमाबाईंचे कार्य या संदर्भात उलट टोकाचे वाटते. हिब्रू व ग्रीकवरून त्यांनी केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हिंदू धर्मकल्पनांनी भारलेले शब्द टाळून खेड्यातील बाईला कळेल अशी साधी मराठी योजण्याचा त्यांचा आग्रह होता. या आग्रहाला रुक्ष म्हणून नावे ठेवली गेली. पण शब्दाबरोबर त्याची दिशाही येते, हे रमाबाईंना कळले होते, असा त्याचा अर्थ लावता येतो.

४

बेने इस्राएलांची स्थिती निराळी होती. कोकणात तेलाचे घाणे चालविणाऱ्या या 'शनिवार तेल्यां'चा शास्त्रग्रंथांशी संबंध दीर्घकाळ तुटल्यासारखा होता. तो पुन्हा जुळला त्यात ख्रिस्ती मिशनऱ्यांचा वाटा मोठा आहे. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. मिशनच्या शाळांतून बेने इस्राएल मुले हिब्रू शिकली. जुना करार त्यांना मराठीत मिळाला तो मिशनऱ्यांच्या हातून. मसीहा 'आला' असे पटवून देण्यासाठी दिलेल्या या साधनांचा या समाजाने काय उपयोग केला? धर्मांतरे अत्यल्प झाली. उलट त्याच हिब्रूच्या व त्याच मराठीच्या बळावर त्यांनी आपली प्रार्थनापुस्तके सिद्ध केली. १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू-मराठी हग्गादा निघाली. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. देवाला विश्वाचा राजा म्हणून संबोधणारे आशीर्वचन अशा रीतीने मराठीत अर्थासह कळू लागले. राजा कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या एका संबोधनातच होते.

१८८० च्या सुमारास या समाजात कीर्तनाची प्रथा सुरू झाली. साकी, दिंडी, ओवी, पदे ही सारी सामग्री हरिदासी कीर्तनाची; विषय मात्र हिब्रू शास्त्रातील चरित्रांचे. स्टीफन्सनी पुराण स्वीकारले, यांनी कीर्तन. दोघांनीही मराठी प्रकार उचलला. येथपर्यंत साम्य दिसते. भेद दिसतो तो नायकाच्या बाबतीत. अब्राहाम, योसेफ, मोशे हे भक्त, संदेष्टे, नेते आहेत, देव नव्हेत. हरिकीर्तनातील नायक हा बहुधा अवतार किंवा अवताराचा भक्त असतो. त्यातील पहिला पर्याय ज्यू कीर्तनकाराला मुळातच बंद होता. म्हणून त्याची कीर्तने भक्तचरित्राच्या अंगाने जातात. मसीहाचे आख्यान लावणे तर त्याला शक्यच नव्हते. ज्याचे येणे व्हावयाचे आहे त्याचे चरित्र होत नाही. आख्यानाला भूतकाळ लागतो. प्रतीक्षेला आख्यान नसते, विधी असतो.

हा विधी कोकणात सापडतो, आणि तो अत्यंत बोलका आहे. मलाखीच्या पुस्तकाच्या अखेरीस, परमेश्वराच्या दिवसाआधी एलिया संदेष्टा येईल असे वचन आहे. त्यावरून ज्यू परंपरेत एलिया हा मसीहाचा अग्रदूत ठरला. बेने इस्राएलांनी मसीहाऐवजी या अग्रदूताला आपल्या घरगुती धर्माच्या केंद्रस्थानी ठेवले. नवस फेडताना, मंगल प्रसंगी 'मलिदा' होतो. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, खोबरे आणि फळे यांचे ताट मांडून एलियाहू हन्नबीचे स्तवन गायले जाते. अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावरील खुणा त्याच्या रथाच्या मानल्या जातात. त्या जागेला 'एलियाहू हन्नबीचा टापा' म्हणतात. अग्रदूत येऊन गेला, खूण ठेवून गेला. राजा मात्र अद्याप यावयाचा आहे. 'आला' हे क्रियापद येथेही आहे. पण ते दूताला लावले आहे, राजाला नव्हे. आसपासच्या कोकणी लोकधर्मात देवाच्या पाऊलखुणा दाखवणाऱ्या जागा पुष्कळ. त्या मुलखात राहून, त्याच पद्धतीची खूण मान्य करून, ती खूण नेमकी कोणाची म्हणायची याविषयी या अल्पशिक्षित समाजाने दाखविलेला विवेक धर्मशास्त्रीय दृष्ट्या विलक्षण आहे. मायमोनिडीझचा ग्रंथ हाताशी नसतानाही त्यातील संयम येथे विधीच्या रूपाने जपलेला दिसतो.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलमध्ये गेले. तेथून 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही निघाले. पांगलेल्यांचे एकत्र येणे हे मसीहाचे कार्य मानले गेले होते. ते मसीहावाचून, जहाजे आणि विमाने यांच्या साहाय्याने घडले. आणि तेथे पोहोचल्यावर आपले ज्यू असणे सिद्ध करण्यासाठी १९६०च्या दशकात त्यांना झगडावे लागले. 'येवो' चा उच्चार तेथेही संपला नाही.

५

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या हातून तिसरा प्रयोग झाला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी आपल्या महाकाव्यासाठी 'पुराण' हे अभिधान घेतले नाही. 'ख्रिस्तायन' असे रामायणाच्या वळणावर नाव दिले. त्यांनी आरंभीचे अध्याय लिहिले. पुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला आणि ग्रंथ दोघांच्याही मृत्यूनंतर १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. रामायण ही राज्याभिषेकाची कथा आहे. ठरलेला अभिषेक चुकतो, वनवास घडतो आणि शेवटी अभिषेक होतो. ख्रिस्तकथेला हे नाव देताच वाचकाच्या मनात सिंहासनाची अपेक्षा निर्माण होते, आणि कथा त्याला क्रुसापाशी नेते. स्टीफन्सच्या 'पुराणा'पेक्षा 'अयन' या शब्दाने मसीहाच्या राजपदातील विपर्यास अधिक नेमका पकडला आहे. शिवाय अयन म्हणजे गती. प्रवास संपलेला नाही, ही सूचना त्यात आहे.

टिळकांच्या अभंगांत ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणून साद घातली जाते. राजा येथे माउली होतो, आणि विठ्ठलाच्या बाबतीत वारकरी परंपरेने जे केले तेच होते. राजपदातील सत्ता वितळून वात्सल्य उरते. हे वितळणे मोहक आहे, तसेच धोक्याचेही. माउलीकडे दाद मागता येते. राज्याचा हिशेब मागता येत नाही. टिळकांना याची जाणीव असावी. कारण १९१७ मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, त्यांनी जे बंधुमंडळ स्थापले त्याला मठ, संप्रदाय किंवा मंडळी असे न म्हणता 'देवाचा दरबार' हे नाव दिले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी त्यात यावेत, अशी कल्पना होती. दरबार हा वर्तमानकाळ आहे. राजा आला होता किंवा येणार आहे, यापेक्षा तो येथे बसला आहे, असे ते विधान होय. मिशनच्या सत्तेपासून दूर होताना टिळकांना राजपदाचा शब्द पुन्हा आठवावा, हे अर्थपूर्ण आहे. काव्यात माउली पुरत होती. संस्थात्मक सत्तेला प्रश्न विचारताना मात्र राजाच लागला.

६

या तिन्ही प्रयोगांच्या शेजारी एक चौथी प्रतीक्षा मराठी लोकमानसात फार पूर्वीपासून आहे. 'इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो' ही म्हण बलिप्रतिपदेला घरोघर उच्चारली जाते. क्रियापद तेच: 'येवो'. पाताळात दडपलेला न्यायी राजा परत येईल, या आशेला मसीहाची कोणतीही व्याख्या नाकारू शकत नाही. हे साम्य जोतीराव फुले यांनी ओळखले होते. 'गुलामगिरी'त (१८७३) बळीची कथा उलटून सांगताना त्यांनी ख्रिस्तालाही बळीच्याच परंपरेत बसविले. येथे लक्षात येते ती गोष्ट अशी की, अवतार या कल्पनेच्या आधारे ख्रिस्ताला समजून घेण्याचा राजमार्ग फुल्यांनी टाळला. बळीच्या कथेत अवतार हा दडपणारा आहे. अपेक्षित राजा तो, ज्याला अवताराने दडपले. अवतार नसलेला, पृथ्वीवर राज्य करणारा, अद्याप न परतलेला राजा ही फुल्यांची कल्पना नावाने ख्रिस्ताला जवळ करते, पण रचनेने ज्यू मसीहाच्या अधिक निकट जाते. 'क्रिस्तपुराणा'त वैकुंठाला गेलेले राज्य येथे पुन्हा शेतात येते.

ही चर्चा केवळ ग्रंथांपुरती नाही. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीसारख्या कापसाच्या तालुक्यांत शेतकऱ्याला आजही 'बळीराजा' म्हटले जाते, आणि याच जिल्ह्यात शेतकरी-आत्महत्या रोखण्यासाठी २०१५ मध्ये शासनाने सुरू केलेल्या योजनेचे नाव 'बळीराजा चेतना अभियान' असे होते. ज्याच्या राज्याची वाट पाहावयाची तोच जगावा म्हणून योजना आखावी लागते, यात काट्यांच्या मुकुटाइतकाच दाहक विपर्यास आहे. 'येवो' म्हणावयाचे त्याला 'आला' म्हणून टाकण्याचा हा दुसरा प्रकार. पदवी बहाल केली की प्रतीक्षा संपल्याचा भास होतो, आणि राज्याचा प्रश्न मागे पडतो.

मराठीतील ख्रिस्ती काव्याचे मूल्यमापन करताना त्यात किती ज्ञानेश्वरी आहे आणि किती पुराण आहे, याची मोजदाद आता पुरेशी झाली आहे. प्रत्येक स्वीकृत प्रकार आपल्याबरोबर एक काळ आणतो. पुराण भूतकाळ आणते, अयन गती आणते, दरबार वर्तमान आणतो. आणि विधी व म्हण भविष्यकाळ राखून ठेवतात. स्टीफन्सचे काव्य थोर आहे ते त्याने 'आला' हे क्रियापद मराठीत इतक्या समर्थपणे उभे केले म्हणून. त्याच क्रियापदाने काय झाकले गेले, हे कळण्यासाठी मात्र मलिद्याच्या ताटाभोवती बसून अग्रदूताला आळवणाऱ्या मराठी घरांकडे पाहावे लागते. त्या घरांतील मराठीला वाङ्मयेतिहासात जागा मिळत नाही तोपर्यंत 'ख्रिस्त' या शब्दाचा अर्थही मराठी समीक्षेला अर्धाच कळलेला राहील.